डाव्या फुफ्फुसातील बिऱ्हाड

७ ऑक्टोबर

आजपासून ही दैनंदिनी. कारण साधे आहे. विवाहापासून या घरात माझे कोणी ऐकत नव्हते, आणि आता कोणी ऐकू म्हटले तरी ऐकू येत नाही. माझा आवाज गेला आहे.

'गेला' हे क्रियापद मी विचारपूर्वक योजतो. बसलेला आवाज उठतो; हा उठत नाही. पितृपक्षात तो क्षीण झाला आणि घटस्थापनेच्या दिवशी केवळ वायुरूप उरला. मुखातून वारा निघतो, शब्द निघत नाही.

भावी संशोधकांच्या सोयीसाठी स्वतःचा परिचय देणे प्राप्त आहे. मी हेमकांत, वय चौपन्न, नंदुरबारातील एका विद्यालयात संस्कृताचा अध्यापक, आणि सारंगखेड्याच्या घोडेयात्रेत कित्येक वर्षे ध्वनिक्षेपकाचा अनभिषिक्त अधिपती. रिंगणात अश्व अवतरला की त्याचे वर्णन मी करतो. 'अवलोकन करा, हा पवनवेग, मेघश्याम, पंचकल्याणी तुरंगम!' पंजाब आणि मारवाडहून आलेल्या व्यापाऱ्यांना यातले अक्षरही कळत नाही, तरी ते माना डोलावतात. घोडेही डोलावतात. दत्तजयंतीला यात्रा भरेल. तोवर आवाज परत यावयास हवा. माझ्या आयुष्यात मला अन्य कोणतेही सिंहासन लाभलेले नाही.

'गृहस्वामिनी, उष्ण चहाचे प्राशन संभवते काय?' हे वाक्य मी प्रतिदिनी प्रातःकाळी उच्चारतो. आज उच्चारले, तर सौ. रोहिणी शेगडीकडे तोंड करून तशीच उभी. तिला काही ऐकूच गेले नव्हते. अखेर मी पेल्यावर चमचा वाजवला. एका संस्कृतज्ञाची ही अवनती.

"घसा बसना शे," ती म्हणाली. "हयदनं दूध पी ल्या, आनि दोन दिन गप बठा. तुमना घसाले आराम, मन्हा कानले बी आराम."

ती अहिराणी बोलते, मी घरातही प्रमाण मराठी. अहिराणी मी आईशी बोलत असे. आई गेल्यावर ती भाषा मी तिच्या पातळांसोबत कपाटात ठेवून दिली.

९ ऑक्टोबर

दहावीच्या वर्गात कुजबुजत शिकवले. परिणाम अनपेक्षित. मी कुजबुजतो म्हणून मुलेही कुजबुजू लागली. "सर, पाणी पिऊन येऊ का?" हेही एखाद्या कटाच्या स्वरात. मुख्याध्यापक बाहेरून जाताना थबकले, आत डोकावले, आणि मधल्या सुटीत सर्वांदेखत म्हणाले, "सर, याला म्हणतात वर्गावर पकड!"

अध्यापनाची इतकी वर्षे मी गर्जना केली. तेव्हा हे वाक्य कोणी उच्चारले नाही.

१६ ऑक्टोबर

सायंकाळी चुलतभाऊ अमृतच्या पथारीवर. पथारी म्हणजे गावाबाहेरचे ते विस्तीर्ण मैदान, जिथे ओली लाल मिरची वाळवण्यास पसरतात. या ऋतूत दिगंतापर्यंत रक्तवर्ण अंथरलेला असतो आणि हवेत असा तिखट धुरळा तरंगतो की शत्रुसैन्य वेशीवरूनच शिंकत परतावे. मी तेथे खुर्ची टाकून बसतो. चहा मिळतो, आणि मिरची उलथणाऱ्या बाया माझे बोलणे मध्येच तोडीत नाहीत.

"दादा, आवाज कथा गया तुन्हा?" अमृतने विचारले. "माले वाटनं, तू मौन लिधं. म्हनं चला, गाव सुटनं एकदाचं."

मी खोकलो. तो खोकला. बायाही खोकल्या. नंदुरबारात या दिवसांत खोकला हा आजार नव्हे, तो नागरिकत्वाचा पुरावा आहे. सर्वांचे रुमाल लाल. माझ्याही रुमालावर आज दोन आरक्त रेषा उमटल्या. मिरची कोणाशी पक्षपात करीत नाही.

आजवर सेवन केलेले उपाय: ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर, शेजारच्या तुळशीबाईंचा काढा (त्यात काय होते हे त्याही सांगू शकल्या नाहीत), आणि अमृतच्या आग्रहाने मिरचीची भजी, कारण त्याच्या मते मिरचीला उतारा मिरचीच. आवाज यथापूर्व अनुपस्थित. आता जिभेलाही आग.

२७ ऑक्टोबर

यात्रेच्या समितीचे करमसिंगभाऊ घरी आले. मी स्वागतपर तीन वाक्ये बोललो. त्यांनी कान पुढे केला.

"काय म्हनतस सर?"

मी पुनरुक्ती केली. त्यांनी दुसरा कान पुढे केला. अखेर स्वयंपाकघरातून रोहिणीने अनुवाद केला, "बठा म्हनतस. च्या ल्या म्हनतस. बाकीनं असंच शे."

माझ्या तीन वाक्यांतील अलंकार तिने दोन शब्दांत निकालात काढले.

करमसिंगभाऊ चहा पिऊन, घसा खाकरून म्हणाले की औंदा घोडे गंज, म्हणजे पुष्कळ, येणार आहेत, समितीला चिंता आहे, आणि धुळ्याचा एक पोरगा आहे. "लगीनमा माईक धरस. 'हॅलो, हॅलो' भारी करस."

'हॅलो, हॅलो!' माझ्या पंचकल्याणी तुरंगमाच्या जागी 'हॅलो, हॅलो'. मी मान ताठ करून, जितका वारा छातीत होता तितका एकवटून सांगितले, "दत्तजयंतीस मी रिंगणात असेन."

हे मात्र त्यांना ऐकू गेले. रोहिणीलाही गेले असावे, कारण तिच्या हातून झाकण पडले.

५ नोव्हेंबर

दिवाळी मूकपणे पार पडली. आज कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. डॉ. मयूरी ही माझीच माजी विद्यार्थिनी, संस्कृतात सदैव प्रथम. तिने माझ्या नाकपुडीतून दुर्बीण घशात उतरवली. गुरूच्या अंतरंगात शिरण्याचा हा मार्ग शास्त्रांनी सांगितलेला नाही.

"सर, घसा एकदम चांगला आहे."

"मग?"

"डावा स्वरतंतू हलतच नाहीये. उजवा एकटा काम करतोय. तंतू बिघडलेला नाही. त्याला हलवणारी नस कुठेतरी दाबली जातेय." तिने कागदावर आकृती काढली. ती नस मेंदूकडून निघते, घशाजवळून तशीच खाली छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर चढून घशात येते. म्हणजे नंदुरबारहून जवळच्या प्रकाशा गावी जायचे, तर आधी नवापूरला जाऊन, तिथून फिरून यायचे. शरीररचना करणाऱ्याने एस.टी.च्या वेळापत्रकावरून प्रेरणा घेतली असावी.

"म्हणून छातीचा सीटी स्कॅन करायचा, सर."

"आवाजासाठी छाती?"

"आधी छातीचं काही झालं होतं का?"

झाले होते. सत्ताविसाव्या वर्षी क्षय. पूर्ण औषधोपचार घेतला, पूर्ण बरा झालो, आणि तो विषय मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांप्रमाणे बांधून ठेवून दिला. मयूरीने ते टिपून घेतले आणि फर्मावले, "पथारी बंद. आजपासून तिकडे पाऊल टाकायचं नाही."

शिष्येने गुरूला वर्गाबाहेर काढले. बाहेर पडताना रोहिणी म्हणाली, "स्कॅन कधी करनं?" मी म्हणालो, "घाई काय आहे?"

१४ नोव्हेंबर

स्कॅन टाळून मी अन्य वैद्यांचे मत घेतले. त्यांनी 'क्षय' हा शब्द ऐकताच पुढचे ऐकणे सोडले. "परत उलटला असणार," म्हणाले आणि हाती एक प्लास्टिकची डबी दिली. त्या डबीत काय भरावे लागते हे लिहिण्याइतकी ही दैनंदिनी अद्याप घसरलेली नाही. आज अहवाल आला. क्षय नाही. औषध सुरू करायला निघालेले वैद्यराज हिरमुसले.

क्षय नाही आणि घसा निर्दोष. तेव्हा मी निरोगी असून मला केवळ आवाज नाही, असा निष्कर्ष निघतो. हा मी रोहिणीला लिहून दाखवला.

रुमाल आजही आरक्त. पथारी कधीची सुटली, परंतु मिरचीचा धुरळा वस्त्रांच्या तंतूंत मुरतो, हे मी तिला समजावून सांगितले. रुमाल हातात धरून ती बराच वेळ न्हाणीत उभी होती. हल्ली गृहकृत्यांत तिचे लक्ष लागत नाही. मग बाहेर येऊन म्हणाली, "सुरतनी तिकीटं काढी टाकेल शेतस. स्कॅन तठेच."

मला विचारले नाही. सांगितले.

२२ नोव्हेंबर

सुरतेहून परतताना, गाडीतच लिहितो आहे. अक्षर रेल्वेचे, मजकूर माझा.

खान्देशातील अर्धी जनता काम शोधण्यास सुरतेला जाते, उरलेली अर्धी डॉक्टर शोधण्यास. छातीचे शल्यविशारद तेथील एका रुग्णालयात बसतात. गुजराती मनुष्य, हिंदीत बोलणारे, अत्यंत आनंदी. दुसऱ्याच्या छातीत काही सापडले की ज्यांचा चेहरा उजळतो अशांपैकी.

"काका, ये देखो. अंदर फंगस का गोला है."

पडद्यावर माझे डावे फुफ्फुस. वरच्या भागात क्षयाने पूर्वी केलेली एक पोकळी, आणि तिच्यात एक गोळा, कडेला हवेची चंद्रकोर. मला पालथे निजवून पुन्हा चित्र घेतले होते. गोळा घरंगळून दुसऱ्या भिंतीला टेकला होता. माझ्या देहात इतका चपळ भाग आहे हे मला ठाऊकच नव्हते.

खुलासा असा. ही बुरशी सर्वत्र असते: धान्यात, कडब्यात, मातीत, मिरचीत. तिचे बीज तर सगळेच श्वासातून आत घेतात. इतरांच्या छातीत तिला थारा मिळत नाही. माझ्याकडे एक खोली कैक वर्षे रिकामी होती. भाडेकरूने येऊन बिऱ्हाड मांडले, हातपाय पसरले, आणि लगतची भिंत जाड होत होत आवाजाची नस तिच्यात आवळली गेली.

"आवाज जाना बहुत रेअर है, काका. किताब में पढ़ते हैं, बस." त्यांनी दोन कनिष्ठ डॉक्टरांना हाक मारली. ते आले. माझ्याकडे आदराने पाहू लागले. प्रांजळपणे नमूद करतो की मला किंचित बरे वाटले. सामान्य घसा बसणे हे आपल्या योग्यतेचे नव्हते, अशी शंका मला प्रारंभापासून होती.

"खाँसी में खून आता है?"

"कदापि नाही," मी कुजबुजलो. "केवळ मिरची."

"मिर्ची का काम है आपका?"

"चुलतभावाची पथारी आहे. तेथे बसत असे."

"अभी भी बैठते हो?"

"दिवाळीपासून नाही."

हे वाक्य उच्चारून झाले आणि मग ते मला ऐकू आले. रोहिणी खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. एक पाण्याची टाकी होती.

मग डॉक्टर गंभीर झाले. तो गोळा पोकळीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या घासतो. आज रेषा येतात, उद्या एकदम लोट येऊ शकतो, आणि तेव्हा माणूस रक्त जाण्याने नव्हे, त्यात बुडून जातो. गोळ्या देतील, परंतु वरचा भाग कापून काढणे हाच मार्ग. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील तारीख देऊ केली. "और ज़्यादा खून आए तो बाईं करवट लिटाना. ख़राब वाला फेफड़ा नीचे. अच्छा वाला ऊपर, बचा हुआ."

निजावे कोणत्या कुशीवर हेही आता सुरतेहून शिकायचे. रोहिणीने मात्र ते पुन्हा विचारले, आणि गाडीत बसेपर्यंत डाव्या हाताची मूठ वळूनच ठेवली होती.

२८ नोव्हेंबर

निर्णय घेतला. शस्त्रक्रिया यात्रेनंतर. ज्या बिऱ्हाडाने इतके महिने काढले, ते आणखी काही दिवस राहील. आवाज नसला तरी उत्तम ध्वनिवर्धक असतो; कुजबुजही सहस्रपट होते. किंबहुना कुजबुजत केलेले अश्ववर्णन हा या क्षेत्रातील नवा प्रयोग ठरेल. मी त्यासाठी सात नवी विशेषणे रचली आहेत.

अमृत भेटायला आला. गोळ्यांचे पाकीट उलटसुलट करून त्याने वाचले. "बुरशीनं औषध? दादा, आम्ही मिरचीवर मारतस ना, तेच शे हाई! आखो इतलं महाग. सांगं असतं तर पंप लई येतू. तोंड उघडं धर, एक फवारा..."

रोहिणीने त्याला पोह्यांची बशी दिली आणि बाहेर घालवले. मी तिला माझा निर्णय सांगितला. वाटले होते वाद होईल. त्यासाठी मुद्दे काढून ठेवले होते. ती म्हणाली, "बरं." मुद्दे वाया गेले.

३ डिसेंबर

राजद्रोह!

आज बाजारात करमसिंगभाऊ भेटले आणि म्हणाले, "सर, तब्येत सांभाळा. धुळाना पोऱ्याले सांगी दिधं. वहिनींनी फोन करा व्हता."

मी घरी आलो. क्रोधाने गर्जना करणे आवश्यक होते. नाकावाटे थोडी शिट्टी वाजली.

"तू दूरध्वनी केलास?"

"करा," ती म्हणाली. मेथी निवडीत होती.

"मला न विचारता? इतक्या वर्षांचा माझा अधिकार? तुला ठाऊक आहे, माझ्याजवळ दुसरे आहे काय?"

हे शेवटचे वाक्य मला बोलायचे नव्हते. तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"धूळ, घोडा, कडबानी कुट्टी, आनि दवाखाना कितला दूर! तठे तुमले काय व्हयनं तर मी कोनले हाक मारू? माईकले?" मग पुन्हा जुडी उचलली. "आते रागे भरा. खुशाल भरा. रागे भराले बी मानूस जित्ता लागस."

मी सात विशेषणांचा कागद फाडला. नंतर चिकटवला. विशेषणांचा काय दोष?

४ डिसेंबर

अबोला धरला आहे. आवाज नसलेल्या मनुष्याने अबोला धरल्यास तो समोरच्याच्या लक्षात कसा आणून द्यावा, ही अडचण मी आधी विचारात घेतली नव्हती. तिने दुपारी दोनदा विचारले, "काय म्हनतस?"

१७ डिसेंबर, सुरत

पुष्कळ दिवसांनी लिहितो. हाताला सुई आहे, त्यामुळे अक्षर विद्यार्थ्यांसारखे.

बाराव्या तारखेच्या सकाळी मी पलंगावर रुसून बसलो होतो. त्या दिवशी एरवी मी सारंगखेड्यास ध्वनिक्षेपक तपासण्यास गेलो असतो, दरवर्षी जातो. खोकला आला. मी रुमाल धरला. रुमाल पुरला नाही. हाताची ओंजळ पुरली नाही. त्याचे वर्णन करण्यास माझ्याजवळ एकही विशेषण नाही, आणि असे प्रथमच घडत आहे. एवढेच आठवते की ते मिरचीच्या रंगाचे मुळीच नव्हते. त्याहून फार उजळ होते.

रोहिणी आली. ओरडली नाही. डावी मूठ वळली, क्षणभर तिच्याकडे पाहिले, आणि मला डाव्या कुशीवर लोटले. लोटले हाच शब्द योग्य आहे. एका हाताने मला तसेच दाबून धरले आणि दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलावली. अमृतही धावत आला, पण मिरचीची पोती वाहणारी गाडी घेऊन. गाडीचा वास घरात आला आणि मी आणखी खोकलो.

"मांघे ली जा ती गाडी!" ती दारातून किंचाळली. "अमृतभाऊ, तुमना पाया पडस, मांघे ली जा!"

तिचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात तिला तशी संधीच कधी मिळाली नसावी.

रुग्णवाहिकेतून आधी नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात, तेथे रक्त चढवून मग सुरत. नवापूरच्या घाटमाथ्यावर मी तिला काही सांगू पाहत होतो. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. संपूर्ण प्रवासात तिचा हात माझ्या उजव्या खांद्यावर होता, मला पाठीवर वळू न देण्यासाठी. सुरतेत मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी वर नेऊन गळती बुजवली. रक्त थांबले. आनंदी डॉक्टर म्हणाले, "घर पे थे, अच्छा हुआ. करवट किसने दी?" मी बोटाने दाखवले.

दत्तजयंतीच्या दिवशी मी अतिदक्षता विभागात होतो. काल अमृतचा फोन आला. रोहिणीने माझ्या कानाशी धरला.

"दादा, धुळाना पोऱ्या एकदम सपाट. घोडानं नाव, मालकनं नाव, भाव. खलास. मांघे बठेल लोके इचारी ऱ्हायनात, 'आरे, तो समजत नही असं बोलनारा बाबा कथा गया?' पंजाबना एक सरदारजीनी बी इचारं. त्यानं घोडाना भाव कमी लागना म्हनं, कोनी वर्णनच करं नही."

मी डोळे मिटून घेतले. औषधांमुळे हल्ली डोळ्यांतून पाणी येते.

११ जानेवारी, सुरत

शस्त्रक्रिया उद्या. क्षयाने सगळे चिकटून ठेवलेले असल्यामुळे ती अवघड आहे, असे डॉक्टरांनी नेहमीच्या आनंदाने सांगितले. आवाजाबद्दल त्यांनी वचन दिले नाही. नस सुटेल, पण इतके महिने आवळलेली नस पुन्हा चालेलच असे नाही. प्राण हवा असेल तर आवाजाचा आग्रह सोडावा, असा एकंदर व्यवहार.

सहीचा कागद आणला. मी सही केली. मग रोहिणीने केली. तिची सही प्रथमच नीट पाहिली. माझ्या सहीहून कितीतरी कमी वळणांची आहे.

३० जानेवारी

बिऱ्हाड उठले. वरच्या मजल्यासह. छातीतून नळ्या काढल्या. गोळा बरणीत घालून दाखवला: करड्या-तपकिरी रंगाचा, ओल्या भुशासारखा भुसभुशीत. हा माझ्या सिंहासनाचा अपहर्ता! मला काहीतरी भव्य अपेक्षित होते.

हसलो तर टाके ओढतात. रोहिणीला मी लिहून सांगितले की मला हसवू नकोस. ती म्हणाली, "इतला वरीसमा कधी हसाडं का मी तुमले?" आणि मला हसू आले, आणि टाके ओढले.

९ मार्च

घरी आहे. गोळ्या अजून काही महिने. डॉ. मयूरीने उजव्या स्वरतंतूला जोड मिळावी म्हणून डाव्यात एक सुई टोचली आणि श्वासाचे व्यायाम शिकवले. तिचे म्हणणे असे की आवाज थोडासा येईल, पण घाईने नाही, आणि पूर्वीसारखा बहुधा नाहीच. "सर, एका श्वासात तीन-चार शब्द. त्याहून जास्त भरलेत तर परत वारा. छोटं बोला."

छोटे बोला! ज्याचा एक समास रिंगणाची अर्धी फेरी पुरत असे, त्याला!

गेले आठ-दहा दिवस मी प्रयत्न करतो आहे. 'गृहस्वामिनी' म्हणताच श्वास संपतो. 'उष्ण चहाचे' इथवर कसाबसा पोहोचलो, तर 'प्राशन' अधांतरी राहते आणि संभवण्याचा प्रश्नच उरत नाही. करमसिंगभाऊ निरोप पाठवतात की पुढच्या यात्रेला या, जे जमेल ते बोला. मी कळवले की विचार करीन. 'पंचकल्याणी' तेवढे बसते. मोजून पाहिले आहे.

आज सकाळी रोहिणी नेहमीप्रमाणे शेगडीकडे तोंड करून उभी होती. मी दारात उभा राहिलो. छातीत जितका श्वास होता तितका गोळा केला. त्यात काय मावेल याचा विचार करीत होतो, तेवढ्यात माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले:

"च्या दे वं."

आवाज घोगरा, फाटका, पण वारा नव्हे. आवाजच. आईजवळ मागायचो तसा.

रोहिणीचा हात शेगडीवर थांबला. ती वळली नाही. मी वाट पाहिली, कारण दुसरा श्वास अजून भरला नव्हता. मग ती सावकाश वळली, पदराने दोन्ही डोळे पुसले, हात जोडले आणि मान लववून, एकही उच्चार न चुकता, माझ्याच स्वरात म्हणाली,

"आज्ञा शिरोधार्य, आचार्य. शर्करेचे प्रमाण कितपत असावे?"

मी श्वास घेतला.

"इतलीशी," म्हणालो.

पुरला.